समुद्राकाठची जागा तर सगळ्यात महाग, मग पुरात गरीबच जास्त का बुडतात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलून राहिलो हे नक्की होईल. तुम्ही नागपुरात प्लॅनिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, डिझर्टेशनसाठी मुंबई आणि रायगडचा किनारा घेतलाय, सॅटेलाइटच्या उंचीच्या डेटावरून पाणी कुठवर येईल त्याचा नकाशा केलाय आणि त्यावर २०११ च्या जनगणनेतली झोपडपट्टीची टक्केवारी टाकून "सामाजिक असुरक्षितता" असा लेयर बनवलाय. गाइड म्हणून राहिले की एवढ्यानं होत नाही. आणि तुमची स्वतःची शंका अशी की समुद्राकाठी तर सगळ्यात महागडे फ्लॅट नि बंगले असतात, पाणी काही पगाराची स्लिप बघून घरात शिरत नाही, मग फटका गरिबांनाच जास्त असं आपण नुसतं सवयीनं म्हणतो काय?

शंका रास्त आहे. मी पुराच्या आधीचे आणि नंतरचे घरोघरचे सर्व्हे आणि त्यावरून नकाशे करायचं काम करतो, ऑफिस नागपुरात आणि काम बरंचसं किनाऱ्यावर (नागपूरचा माणूस समुद्राचं काय सांगणार हे ऐकून ऐकून झालंय, तेव्हा तो जोक राहू द्या). माझं म्हणणं असं की तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. पाणी येतं कुठे, आलं की तिथून निघू कोण शकतं, आणि ओसरलं की परत उभं कोण राहतं. तुमचा नकाशा फक्त पहिल्याबद्दल बोलतो. विषमता पहिल्यात असतेच, पण मला ती सगळ्यात जास्त तिसऱ्यात दिसते, आणि तिथे उत्पन्नापेक्षाही एक वेगळीच गोष्ट भारी पडते, ती म्हणजे कागद. त्यावर येतोच.

आधी त्या महागड्या जागेचं बघू. समुद्र दिसणं वेगळं आणि समुद्राच्या पातळीला राहणं वेगळं. मलबार हिलच्या माणसाला खिडकीतून समुद्र दिसतो कारण तो टेकडीवर राहतो. धारावीतून समुद्र दिसत नाही, पण ती माहीमची खाडी आणि मिठी नदी यांना चिकटून, मुळात दलदल होती त्या जागेवर वसलीय. किनाऱ्यावरच्या शहरात पाणी बहुतेक वेळा चौपाटीवरून चालत येत नाही, ते खाडीतून, नाल्यातून, गटारातून उलटं येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७४ च्या आसपास. कुलाबा तीन बाजूंनी समुद्रात, तरी त्या दिवशी माणसं मेली ती कुर्ला, कलिना, साकीनाका अशा आतल्या भागात. मुंबईचं जुनं ड्रेनेज ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबानं बांधलेलं, तेही ओहोटी असेल तर. भरतीला नाल्याची तोंडंच पाण्याखाली जातात, मग वरचं पाणी जाणार कुठे, ते जागच्या जागी फुगतं.

आता मिठीचंच घ्या. साधारण १८ किलोमीटरची नदी, विहार तलावाकडून निघून माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत तिच्यावर विमानतळाची धावपट्टी आली, पुढे खाडीच्या तोंडाशी भराव घालून बांद्रा-कुर्ला संकुल झालं, काठावर वर्कशॉपं, गोदामं आणि झोपड्या झाल्या. पूर आला की टीव्हीवर नाव मात्र झोपड्यांचं. झोपड्यांनी नदी अरुंद केली नाही असं मी म्हणत नाही, केलीच. पण भराव घालून ज्याची जागा उंच झाली त्याचं पाणी शेजारच्याकडे जातं, आणि भरावाला परवानगी, पैसा नि इंजिनिअर ज्याच्याकडे असतो तो नेहमी वरचा असतो. सखल जमीन स्वस्त का असते, तर ज्याला परवडतं तो ती घेत नाही म्हणून. खाजण (भरतीचं पाणी शिरतं ती सखल जमीन), मिठागराच्या कडेची जागा, नाल्याची बाजू, इथे जो राहायला येतो तो पुराचा धोका माहीत असूनही येतो कारण तिथून काम जवळ पडतं. त्याला "अडाणी आहेत, समजत नाही" असं लिहू नका रिपोर्टात, माझी हात जोडून विनंती.

हे एका गल्लीत कसं दिसतं ते सांगतो. नाल्याकाठच्या वस्तीत दर काही वर्षांनी रस्त्यावर काँक्रीटचा नवा थर पडतो, जुना न खोदता. रस्ता वर जातो, घर तिथेच राहतं. कधीकाळी दारात दोन पायऱ्या चढून जायचं होतं, आता रस्त्यावरून घरात उतरून जावं लागतं. ज्याच्याकडे पैसे जमले तो भरणी टाकून जमीन उंच करतो, उंबरा वाढवतो, नाहीतर अख्खं घर पाडून वर उचलून बांधतो. ज्याला जमलं नाही, म्हणजे बहुतेक वेळा एकटी बाई किंवा भाडेकरू, त्याचं घर आता गल्लीतलं सगळ्यात खोल घर झालं. पाऊस तेवढाच, गल्ली तीच. आणि त्या घरात पाणी दारातून नाही येत, आधी मोरीतून वर येतं, काळं, वास मारणारं, आणि दाराला लावलेली लाकडी फळी अगदी जागेवर असते. अशा घरात गेलात की वर बघा. मीटर छातीच्या वर लावलेला असतो, खाटेच्या पायांखाली विटा असतात, गॅसची शेगडी उंच ओट्यावर, आणि खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी लटकलेली असते, तिच्यात रेशन कार्ड, आधार, लाइट बिलं, मुलांचे दाखले. पिशवी दागिन्यांच्या डब्याच्या आधी पोटमाळ्यावर जाते. का, ते पुढे कळेल.

म्हणजे "पाणी कुठे येतं" हा प्रश्नही निव्वळ निसर्गाचा नाही. पण इथे तुमच्या डेटाची एक भानगड आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तुम्ही एसआरटीएमचा डेटा वापरलाय असं लिहिलंय. तो जमिनीच्या उंचीचा डेटा २००० साली नासाच्या अवकाश शटलवरून रडारनं घेतलेला आहे, आणि ते रडार दाट वस्तीत जमिनीपर्यंत पोचत नाही, छपरं आणि झाडांचे शेंडेच मोजतं. एका पिक्सेलचा चौकोन ३० मीटरचा. ज्या वस्तीत दोन घरांमधून एक माणूस आडवा होऊन जातो तिथे त्या चौकोनात जमीन दिसणारच नाही, सगळी छपरंच. म्हणजे जमीन खरी आहे त्यापेक्षा काही मीटर उंच दिसते. खाडीकाठच्या कांदळवनातही तसंच होतं. आणि किनाऱ्यावरच्या पुराचा सगळा खेळ एक-दोन मीटरचा असतो! तेव्हा तुमच्या नकाशात जी दाट वस्ती "सुरक्षित" हिरवी दिसतेय ती बघून मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. उंच इमारतींच्या बाबतीतही चूक होतेच, पण टॉवरचा तळमजला पार्किंग असतो, वस्तीचा तळमजला म्हणजे स्वयंपाकघर. त्यामुळे आकड्याची चूक दोघांना सारखी असली तरी तिची किंमत सारखी नाही. मोकळ्या जागांवरच्या उंचीवरून दुरुस्त केलेला डेटा मिळत असेल तर तो घ्या, नाहीतर किमान वस्तीत जाऊन भिंतींवरचे जुन्या पुराचे डाग मोजून तपासा. लोकं बोट ठेवून दाखवतात, "इथवर होतं".

आता दुसरा प्रश्न, निघू कोण शकतं. इथे फक्त पैसा बघून भागत नाही. १९९१ च्या बांगलादेशच्या चक्रीवादळात साधारण १ लाख ३८ हजार माणसं गेली, त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा खूप जास्त होतं. कारणं बघा कसली निघाली, घर आणि लेकरं सोडून एकटीनं निवाऱ्यात जायचं कसं, नवरा येईपर्यंत थांबायचं, निवाऱ्यात बायकांसाठी वेगळी जागा नाही, साडीत पोहता येत नाही. २००५ च्या कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्समध्ये शहर सोडायचा आदेश निघाला होता, पण ज्यांच्याकडे गाडी नव्हती ते जाणार कशानं? आणि ते शहर ज्या राज्यात आहे त्या लुइझियानात मेलेल्यांपैकी जवळपास निम्मे ७५ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचे होते. म्हणजे अमेरिकेसारख्या देशातसुद्धा.

पण इथेच एक चांगली बातमीही आहे आणि ती तुमच्या डिझर्टेशनमध्ये यायला पाहिजे, नाहीतर सगळं रडगाणं होऊन जातं. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसं गेली. २०१३ ला फायलिन आलं, तेही जबरदस्त होतं, पण त्याआधी जवळपास १० लाख लोकांना हलवलं गेलं आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. त्या चौदा वर्षांत किनाऱ्यावरचे लोक श्रीमंत नव्हते झाले. वादळाचे निवारे बांधले, गावागावात सूचना पोचवणारी माणसं तयार केली, निवाऱ्यापर्यंत रस्ते केले. तेव्हा गरीब म्हणजे मरणारच असं काही नाही, सरकारनं मनावर घेतलं तर जीव वाचतात. मात्र जीव वाचला म्हणजे घर वाचलं नाही, होडी वाचली नाही, जाळं वाचलं नाही. मृत्यूचा आकडा खाली आला की पेपरवाले आणि आपण सगळेच पुढच्या बातमीकडे वळतो, आणि खरी विषमता तिथून सुरू होते.

तिसऱ्या प्रश्नासाठी समुद्रावर जायची गरज नाही, आपल्या गावातच बघा. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुम्हाला आठवत असेल. चार-पाच तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी रस्त्यावर. डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, वर्मा लेआऊट, म्हणजे चांगल्या खात्यापित्या लोकांची घरं बुडाली, गाड्या तरंगत गेल्या, तळमजल्यावर गळ्याएवढं पाणी. तुमच्या शंकेला याच्याहून चांगला पुरावा नाही, पाण्यानं खरंच कोणाला सोडलं नाही. त्या लोकांचं नुकसान खोटं नव्हतं, रुपयांत मोजलं तर नाग नदी नि पिवळी नदीच्या काठच्या कित्येक वस्त्यांपेक्षा जास्तच भरेल. हाच तर मुद्दा आहे. रुपयांत मोजलं की श्रीमंताचंच नुकसान नेहमी मोठं दिसतं, कारण त्याच्याकडे बुडण्यासारखं जास्त असतं. पण विचारायचं असं की गेलं ते त्याच्या एकूण किती होतं, आणि भरून यायला किती वेळ लागला.

एका बंगल्यात कार गेली, फ्रिज गेला, सोफा गेला. कारचा विमा होता, मुलगा पुण्याहून आला, लोक वरच्या मजल्यावर राहायला गेले, बँकेत एफडी होती. महिना-दोन महिने भयानक गेले, मनाला जखम झाली ती वेगळी, आता पाऊस वाढला की झोप लागत नाही म्हणतात. त्याच घरी धुणीभांडी करणाऱ्या ताईचं घर नदीकाठी. तिचंही घर भरलं, आणि वरून ज्या घरांत ती काम करायची तीसुद्धा भरली, म्हणजे घर आणि पगार दोन्ही एकाच पहाटे गेले. काही बायांनी आठवडाभर मालकांच्या घरचा गाळ काढला आणि स्वतःच्या घरचा गाळ रात्री काढला. हे नुकसान कोणत्या पंचनाम्यात लिहिलंय सांगा मला. मोलकरीण, वॉचमन, इस्त्रीवाला, भाजीचा ठेला, यांची रोजी दुसऱ्याच्या घरावर टांगलेली असते. तुमच्या नकाशावर त्यांचं घर पुराच्या बाहेर असलं तरी त्यांचं पोट पुराच्या आत असू शकतं.

कॅटरिनाचंही असंच झालं. न्यू ऑर्लिन्समध्ये लेकव्ह्यू हा खात्यापित्या, बहुतांशी गोऱ्यांचा भाग आणि लोअर नाइन्थ वॉर्ड हा बहुतांशी काळ्या कष्टकऱ्यांचा भाग, दोन्हीत पाणी छपरापर्यंत गेलं होतं. लेकव्ह्यू उभं राहिलं, लोअर नाइन्थमध्ये आजही मोकळे प्लॉट दिसतात. एक कारण मदतीच्या हिशोबात होतं. घर बांधायच्या मदतीच्या सरकारी योजनेत घराची पुराआधीची बाजारभावाची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यातलं जे कमी ते धरलं जायचं. आता विटा, सिमेंट, मजुरी दोन्हीकडे सारखीच, पण काळ्या वस्तीत घराचा बाजारभावच कमी, म्हणून तेवढंच घर बांधायला तिथल्या माणसाला कमी पैसे. त्यावर कोर्टकचेरी झाली आणि २०११ मध्ये तडजोड झाली, पण तोवर कित्येक लोक शहर सोडून गेले होते. नियम लिहिणाऱ्याच्या मनात कोणाबद्दल वाईट असेलच असं नाही, नियम वर्णाबद्दल एक शब्द बोलत नव्हता. तरी निकाल तसाच लागला.

आपल्याकडचा नियम बघा आता, आणि ती खिळ्यावरची पिशवी आठवा. केंद्राच्या आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, झोपडीला ८ हजार, कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० आणि भांड्याकुंड्यांसाठी २,५००. राज्य सरकार यात वेळोवेळी भर घालतं, म्हणून प्रत्येक पुराचे आकडे त्या त्या वेळच्या शासन निर्णयातून घ्या. पण खरी मेख रकमेत नाही, तळाच्या अटीत आहे, घर अधिकृत बांधकाम असलं पाहिजे आणि तसं सक्षम अधिकाऱ्यानं प्रमाणित केलेलं पाहिजे. नाल्याकाठचं घर, खाजणावरचं घर, खाडीच्या बांधावरचं घर, यातलं अधिकृत किती निघेल? भाडेकरू असेल तर घराची मदत मालकाच्या नावावर, भाडेकरूच्या वाट्याला फार तर भांडी. पंचनाम्याला तलाठी आला त्या दिवशी कुटुंब नातेवाइकाकडे गेलेलं असलं तर घराला कुलूप, नाव राहिलं. आधार गावच्या पत्त्यावर असलं तर परत हेलपाटे. म्हणून मी म्हणतो की उत्पन्न सारखं असलेली दोन घरं घ्या, एकाकडे घराचा कागद आहे नि एकाकडे नाही, आणि वर्षभरानं परत जाऊन बघा. कागदवाल्याला मदत मिळते, बँक कर्ज देते, विमा निघतो. बिनकागदवाल्याला सावकार देतो.

रायगडचं उदाहरण घ्या, तुमच्याच भागातलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला आदळलं, श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून फळायला पाच-सात वर्षं जातात, म्हणजे बागायतदाराचं खरंच कंबरडं मोडलं. पण त्याच्याकडे सातबारा होता, त्यामुळे झाडं मोजली गेली, मदत कमी मिळाली, उशिरा मिळाली, भांडून मिळाली, पण मिळाली. त्याच वाडीत झाडावर चढून नारळ पाडणारा, सुपारी सोलणाऱ्या बाया, यांचा रोजगारही तितकीच वर्षं गेला, आणि त्यांच्या नावावर एकही झाड नव्हतं. मच्छीमारांचं तर टायमिंग बघा, मासेमारीचा हंगाम संपत आलेला, बऱ्याच होड्या वर ओढलेल्या, आणि घरात पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकी मासळी भरलेली. होडी नावावर नोंदलेली असते, तिला निकष आहे. सुकवलेले बोंबील नि जवळा बाईचे, तिनं विकत घेऊन वाळवलेले, पुढच्या दोन महिन्यांचा तिचा सगळा धंदा तो. भिजला, संपला. त्याची नोंद कुठे करणार?

या सगळ्यात परिस्थितीवर अवलंबून काय काय आहे तेही सांगतो, नाहीतर तुम्ही हे सूत्र म्हणून चिकटवाल. चिपळूण बघा, २२ जुलै २०२१. वाशिष्ठी तिथे भरतीच्या टप्प्यात आहे, वरून सह्याद्रीचा पाऊस, कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणीही याच नदीत उतरतं, आणि बुडाली मुख्य बाजारपेठ. व्यापारी, डॉक्टर, दुकानदार, कागदपत्रवाले लोक. तिथे "झोपडपट्टी टक्के" हा लेयर टाकलात तर काहीच दिसणार नाही. तिथे विचारायचं की दुकान स्वतःचं की गाळा भाड्याचा, मालाचा विमा होता का, आणि दुकानातल्या नोकराचा पगार किती महिने बंद राहिला. दुसरीकडे वरळी किंवा वेसाव्याचा कोळीवाडा घ्या, ही माणसं तिथली मूळची, घर स्वतःचं, समुद्राची जाण आपल्या कोणत्याही मॉडेलपेक्षा जास्त, शेजारपाजार घट्ट. ती असुरक्षित आहेत ती वेगळ्या कारणानं, हद्दी आखलेल्या नाहीत, गावठाण की झोपडपट्टी हा वाद मिटत नाही, आणि समोरचा समुद्र रस्ते-पूल-भरावानं बदलत चाललाय. गरीब, भाडेकरू, परप्रांतीय, म्हातारा, एकटी बाई, मच्छीमार, हे सगळे एकाच "असुरक्षित" डब्यात टाकू नका, प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे.

आणि उपाय लिहिताना "पुररेषेतल्या वस्तीचं पुनर्वसन" हे वाक्य सगळेच टाकतात, तेवढं सांभाळून. चेन्नईत २०१५ च्या पुरानंतर अड्यार नदीकाठच्या कित्येक कुटुंबांना पेरुम्बाक्कमला हलवलं, शहरापासून लांब आणि पळ्ळीकरणै दलदलीच्या शेजारी, जिथे पाणी तुंबतंच. पुरातून उचलून पुरातच ठेवलं, वर कामधंदा तुटला. मुंबईत माहुलला रिफायनऱ्यांच्या बाजूला हलवलेल्या लोकांचं प्रकरण तर हायकोर्टात गेलं. नदीकाठ मोकळा करताना हलतात ते झोपडीवाले, भराव घालून बांधलेली ऑफिसं नि धावपट्ट्या हलत नाहीत. पुनर्वसन करूच नये असं नाही, पण कामाच्या जागेपासून किती लांब, आणि नवी जागा त्याच नकाशात किती उंचीवर, हे दोन आकडे तुम्ही लिहा, बाकी वाचणारा समजून घेतो.

आता तुमच्या कामाचं, थोडक्यात. पुराचा धोका आणि सामाजिक बाजू यांची बेरीज करून एक आकडा काढू नका. परदेशात सामाजिक असुरक्षिततेचे निर्देशांक बनवतात, सुझन कटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या काउंट्यांसाठी (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांसाठी) ४२ घटक घेऊन बनवलेला सगळ्यात जास्त कॉपी होतो. चांगलं काम आहे, पण घटक जसेच्या तसे उचलू नका. तिथे गाडी नसणं म्हणजे अडकणं, मुंबईत गाडी बहुतेकांकडे नाहीच, तिथे लोकल बंद पडणं म्हणजे अडकणं. बेरीज केली की खोल पाण्यातला श्रीमंत आणि उथळ पाण्यातला गरीब यांचा आकडा सारखा येतो, आणि दोघांना लागणारी मदत पूर्ण वेगळी असते. एकाला बोट पाहिजे, दुसऱ्याला उसनवारी न करता महिना काढायला पैसे. दोन रंगांचा नकाशा करा, एका रंगात पाणी, दुसऱ्यात माणसं, दोन्ही वेगळे दिसू द्या.

२०११ ची जनगणना वापरावीच लागेल, दुसरं काय आहे, पण तिची वॉर्डाची सरासरी फसवी असते, एकाच वॉर्डात टॉवर आणि कोळीवाडा दोन्ही असतात आणि सरासरीत दोघंही गायब होतात. झोपडपट्टीच्या टक्केवारीऐवजी भाड्यानं राहणारे किती, तळमजल्यावर राहणारे किती, एकटे म्हातारे किती, रोजंदारीवर किती, पाणी नि संडास घरात की बाहेर, असं काही शोधा. सगळं जनगणनेत मिळणार नाही, म्हणून दोन-तीन वस्त्या निवडून घरोघरी जा.

गेलात की "तुमचं किती नुकसान झालं" असं विचारू नका, लोकांना वाटतं मदत द्यायला आलेत, मग आकडा फुगतो किंवा माणूस गप्प होतो. मी साधे प्रश्न विचारतो. पाणी आलं त्या रात्री झोपलात कुठे? दुसऱ्या दिवशी प्यायचं पाणी कुठून आणलं? कामावर परत कधी गेलात? पैसे कोणाकडून घेतले, आणि फिटले का? शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. बचत गटातून घेतले, मंगळसूत्र गहाण ठेवलं, मुकादमाकडून उचल घेतली, मालकिणीनं दिले नि पगारातून कापले, जे उत्तर येईल ते जसंच्या तसं लिहून घ्या. ज्या घरावर पुराचं कर्ज फिटायच्या आत पुढचा पूर आला ते घर तुमच्या नकाशावर सगळ्यात गडद पाहिजे, मग तिथे पाणी गुडघ्याएवढंच का आलेलं असेना.

आणि किनाऱ्यावर जायच्या आधी हीच प्रश्नावली इथे नाग नदीच्या काठी एखाद्या वस्तीत आणि डागा लेआऊटच्या एखाद्या गल्लीत, दोन्हीकडे करून बघा, तिकिटाचे पैसे न घालवता कोणता प्रश्न चालत नाही ते कळेल. दुपारी जाऊ नका, दुपारी कामावर जाणारं कोणी भेटत नाही आणि तुमच्या सॅम्पलमध्ये फक्त म्हातारे नि लहान लेकरांच्या आया येतात. संध्याकाळी सातनंतर जा, सोबत एखादी मैत्रीण किंवा वर्गातली मुलगी असली तर बरं, कर्जाचं नि गहाणवटीचं बाया पुरुषांसमोर सांगत नाहीत. प्रश्नावली तयार झाली की इथेच टाका, वाचून सांगतो.